विश्लेषण : शेतातून शीतगृहात... बटाट्याचा कस कुठे घटतो?

गारखेड्यात भाजीवाल्याकडे मिळणारा बटाटा बहुधा जाधववाडीच्या बाजार समितीतून येतो. मराठवाड्यात हे पीक फारसे नसल्याने त्याआधी तो अनेकदा परराज्यातील शीतगृहात काही महिने राहिलेला असतो. खते, साठवण आणि कोंब रोखणारी औषधे यांचा त्याच्या पोषणमूल्यावर काय परिणाम होतो?

बटाट्यात असते काय?

ताज्या १०० ग्रॅम बटाट्यात ७५ ते ८० ग्रॅम पाणी असते. उरलेल्या भागात मुख्यतः स्टार्च, सुमारे दोन ग्रॅम प्रथिने, ४०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम आणि जवळपास २० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व. ज्या घरात रोज फळे येत नाहीत, तिथे या २० मिलिग्रॅमचेही मोल मोठे.

खतांमुळे काय बदलते?

युरिया जास्त झाला की पाला माजतो आणि कंद उशिरा पक्व होतो. त्याचे वजन भरते, पण घन पदार्थ आणि क जीवनसत्त्व घटते, नायट्रेट वाढते. म्युरिएट ऑफ पोटॅशमधील क्लोराइडही घन पदार्थ कमी करते. सल्फेट ऑफ पोटॅश त्या दृष्टीने सरस, पण महाग.

शीतगृहात काय होते?

दोन ते चार अंश सेल्सियसला कोंब फुटत नाहीत, मात्र स्टार्चची साखर होऊ लागते. असा गोडसर बटाटा तळताना लवकर करपट होतो आणि त्यात अॅक्रिलामाइड हे संभाव्य कर्करोगकारक द्रव्य जास्त तयार होते. दहा ते बारा अंशांना साखर कमी होते, पण कोंब येतात; ते रोखण्यासाठी क्लोरप्रोफाम वापरतात. युरोपीय संघाने २०१९ मध्ये त्याच्या मान्यतेचे नूतनीकरण नाकारले. त्याचा अंश मुख्यतः सालीत राहतो. साठवण कोणतीही असो, क जीवनसत्त्व काही महिन्यांत निम्म्याच्या आसपास येऊ शकते.

मग अडते कुठे?

पुणे जिल्ह्यातील सातगाव पठारावर शेतकरी चिप्स कंपन्यांसाठी करारावर बटाटा पिकवतात. चिप्ससाठी घन पदार्थ आणि साखर यांचे प्रमाण तपासले जाते. बाजार समितीत मात्र भाव ठरतो आकारावर आणि पैसे मिळतात वजनावर. मग शेतकऱ्याने युरियाची गोणी जास्त रिकामी केली, तर दोष एकट्या त्याचा कसा?

उपाय अवघड नाही. गोणीवर वाण, काढणीचा महिना, साठवणीचे तापमान आणि वापरलेले औषध छापणे बंधनकारक करावे. बाजार समित्यांनी घन पदार्थांची तपासणी सुरू करून चांगल्या मालाला जादा भाव द्यावा.

तोवर ग्राहकाने हिरवट बटाटा घेऊ नये, फ्रीजमध्ये ठेवू नये, गोडसर लागला तर तळू नये आणि धुऊन सालीसकट उकडून मग सोलावा. कारखान्याला आपला बटाटा कसा आहे हे कळते. तेवढे कळण्याचा हक्क गारखेड्यातल्या गृहिणीलाही आहे.