जागा तुमची असेल, पण जॅमर कुणाच्या परवानगीने?

सोसायटीच्या आवारात परकी गाडी दिसली की चाकाला जॅमर लावायचा आणि पाचशे-हजार रुपये घेतल्याशिवाय काढायचा नाही, ही पद्धत मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत चांगलीच रुळली आहे. गेटवर बोर्ड असतो, वॉचमनच्या केबिनमध्ये पिवळे जॅमर टांगलेले असतात आणि पावतीपुस्तकही तयार असतं. मला वाटतं, गाडी लावणारा शंभर टक्के चुकला असला तरी सोसायटीला हा अधिकार नाही. आणि आपल्या मशिदींच्या ट्रस्टलाही नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम 127 वाचा. गाडी उचलून नेणं किंवा चाकाला जॅमर लावणं याचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. पण हे कोण करू शकतं? त्या हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी तशी परवानगी देऊ शकतो. कधी? गाडी सार्वजनिक जागेत दहा तास किंवा जास्त बेवारस पडली असेल किंवा जिथे पार्किंगला कायद्याने बंदी आहे तिथे लावली असेल तेव्हा. सोसायटीचा चेअरमन, सेक्रेटरी, सिक्युरिटी एजन्सी यांचं नाव त्या कलमात कुठेच नाही. खासगी जागेच्या मालकाला दुसऱ्याची गाडी अडकवून पैसे घेण्याचा अधिकार देणारं एकही कलम या कायद्यात नाही.

सोसायटीवाले उपविधी पुढे करतात. उपविधी सभासदांना बांधतात. सभासदाकडूनसुद्धा दंड घ्यायचा तर आधी कारणे दाखवा नोटीस आणि मग सर्वसाधारण सभा, असा रस्ता आहे. तुमच्या घरी दावतीला आलेला मामेभाऊ काही त्या सोसायटीचा सभासद नाही. मग त्याला रात्री साडेअकरा वाजता कुठल्या सभेने दंड केला?

दुसरा मुद्दा बोर्डाचा. 'बोर्ड वाचून गाडी लावली म्हणजे अट मान्य केली' हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. इंग्लंडमध्ये 1990च्या दशकात न्यायालयाने तो मोठ्या प्रमाणात मान्य केला होता. बोर्ड ठळक असेल आणि रक्कम वाजवी असेल तर गाडीवाल्याची संमती धरता येते, असं ठरलं. मग तिथे गाड्या अडकवण्याचा धंदाच सुरू झाला आणि तक्रारींचा पाऊस पडला. शेवटी 2012च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये खासगी जागेत जॅमर लावणं हाच गुन्हा ठरला. ही बंदी त्या वर्षीच्या 1 ऑक्टोबरपासून लागू आहे. स्कॉटलंडच्या न्यायालयाने तर 1992 मध्येच याला खंडणी आणि चोरी म्हटलं होतं.

पण पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे, आणि आपल्याकडे तो कुणी सांगत नाही. जागामालक तिथेही वाऱ्यावर सुटला नाही. 2015 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं. दोन तास मोफत असलेल्या पार्किंगमध्ये एक गृहस्थ छप्पन्न मिनिटं जास्त थांबले होते. कंपनीने 85 पौंड मागितले आणि न्यायालयाने ते द्यायला लावले. म्हणजे पैसे मागायला हरकत नाही. मागा, नाही दिले तर कोर्टात जा. समोरच्याची वस्तू ताब्यात ठेवून वसूल करू नका.

यासाठी विलायतेला जायचीही गरज नाही. आपल्या गावातला कोंडवाडा आठवा. 1871चा कायदा आहे. दुसऱ्याचं जनावर शेतात शिरून पीक खात असेल तर शेतकरी ते धरू शकतो, पण चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावं लागतं. दंड तिथे भरायचा, शेतकऱ्याच्या हातात नाही. उगाच जनावर धरलं तर मालक मॅजिस्ट्रेटकडे दाद मागू शकतो. डोळ्यांदेखत उभं पीक फस्त झालेल्या शेतकऱ्यालाही इंग्रजांनी एवढाच अधिकार दिला होता. आपल्या सोसायट्यांनी रिकाम्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या स्कूटरसाठी त्याहून जास्त घेतला आहे.

फिक्हच्या भाषेतही हे मांडता येतं. परवानगीशिवाय दुसऱ्याची जागा वापरणं गैर आहे, त्यावर वाद नाही. पण कर्जासाठी वस्तू रहन ठेवायची तर तो दोघांच्या राजीखुशीचा करार असतो. एकट्याने कुणाची वस्तू ओढून घेऊन तिला रहन म्हणता येत नाही. आणि सजा देणं हे काझीचं काम आहे, ज्याचं नुकसान झालं त्याचं नाही. फिर्यादी, न्यायाधीश आणि वसुली अधिकारी ही तिन्ही कामं एकाच कमिटीने करायची, हे कुठल्या शरीयतमध्ये बसतं?

आता जुम्याकडे वळू, कारण आपल्यासाठी खरा पेच तिथे आहे. शुक्रवारी एक वाजता मशिदीशेजारच्या सोसायटीत काय होतं ते मी अनेक वर्षं बघतोय. खुतबा सुरू झालेला असतो, घाई असते, गेट उघडं दिसतं आणि गाडी आत घातली जाते. कुणाच्या तरी म्हाताऱ्या वडिलांना डायलिसिसला न्यायचं असतं आणि त्यांची गाडी मागे अडकते. नमाज संपवून येतो तर चाकाला जॅमर. मग आवाज चढतात, मोबाइल बाहेर निघतात आणि संध्याकाळपर्यंत पार्किंगचं भांडण हिंदू-मुस्लिम भांडण होऊन ग्रुपवर फिरायला लागतं. रस्त्यातली अडचण दूर करणं हा इमानचा भाग आहे, हे आपण लहानपणीच मकतबमध्ये शिकलो. आपली गाडी हीच जर अडचण असेल तर ती दूर करायला वॉचमनची वाट कशाला बघायची?

म्हणून माझं मत दोन्ही बाजूंना बोचेल असं आहे. जॅमर बेकायदेशीर आहे म्हणून तिथे गाडी लावायचा हक्क मिळत नाही. आणि जॅमर लागला तर ग्राइंडर मागवून तो कापायचा नाही. जॅमर दुसऱ्याची मालमत्ता आहे, तोडलात तर नुकसानीची फिर्याद तुमच्यावर होईल आणि तक्रारदार असलेले तुम्ही आरोपी व्हाल. बोर्डाचा, जॅमरचा, वेळेचा फोटो काढा. चुकीची जागा होती तर आधी माफी मागा, मग शांतपणे विचारा की कुठल्या कायद्याखाली. ऐकत नसतील तर 112 लावा. घरी आजारी माणूस आहे, थांबता येत नाही, तर पैसे सोसायटीच्या खात्यावर द्या, रोख नको, आणि पावतीवर 'हरकत राखून' असं लिहा. भीती घालून पैसे उकळण्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 308 मध्ये आहे. तुमचं प्रकरण त्यात बसतं की नाही हे वकील बघेल, पण पावती हातात असेल तर त्याला बघायला काहीतरी असेल.

आणि वॉचमनवर ओरडू नका. बारा तासांची ड्यूटी करणारा तो माणूस बहुतेक वेळा आपल्यासारखाच परगावचा असतो. जॅमर त्याने लावला तरी ठराव कमिटीने केलेला असतो. पोलीस आले की पुढे मात्र त्यालाच उभं करतात.

माझ्या माहितीतल्या एका मशिदीच्या ट्रस्टने मागच्या वर्षी स्वतःच चार जॅमर विकत घेतले. बाजारात आलेले लोक मशिदीच्या आवारात गाड्या लावून जातात, असं कारण होतं. कारण खरं आहे. पण शेजारच्या सोसायटीने आपल्याला जे केलं त्यावर आपण ओरडलो आणि तेच आपण दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला करणार? मी ट्रस्टींना लेखी कळवलंय की जॅमर परत करा. त्याऐवजी गेटला साखळी लावा आणि जुम्याला बारा ते अडीच दोन पोरं उभी करा. मी त्यातला एक. प्रत्येक गाडीच्या काचेवर मालकाचा फोन नंबर असलेला कागद ठेवायला सांगू. शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरींशीही बोलणं झालं आहे. त्यांची अट एकच आहे, जिन्यासमोरची जागा मोकळी हवी. ट्रस्टच्या बैठकीत यावर पुढच्या इतवारी चर्चा आहे.