रिकामा फलाट, रिकामी चौकट

सर्जिओ लिओनीचा 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (१९६८) सुरू होतो तो एका ओसाड स्थानकावर. तीन मारेकरी गाडीची वाट पाहताहेत. एकाच्या चेहऱ्यावर माशी, दुसऱ्याच्या टोपीवर वरून ठिबकणारे पाणी आणि कुठेतरी कुरकुरणारी पवनचक्की. एन्निओ मोरिकोनेसारखा संगीतकार हाताशी असताना इथे संगीत नाही. मनमाड जंक्शनवर उशिरा धावणाऱ्या गाडीसाठी ज्याने रात्र काढली आहे, त्याला हा प्रसंग लांबलेला वाटणार नाही. वाट पाहणाऱ्या माणसाची नजर अशीच क्षुल्लक गोष्टींवर खिळते.

'शोले'कडे (१९७५) मी या फलाटावरून पाहतो. त्याचीही सुरुवात आडवळणाच्या स्थानकात शिरणाऱ्या गाडीने होते. आपल्याकडे मात्र 'शोले'विषयी बोलायचे म्हणजे संवादांची उजळणी करायची, आणि समीक्षक असाल तर 'उसनवारी' असा शेरा मारून मोकळे व्हायचे. उसनवारी आहेच. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्याकांडावर लिओनीच्या मॅकबेन कुटुंबाची छाया कुणालाही दिसेल. पण उसन्या ऐवजाचे पुढे काय केले, हे पाहायचे की नाही?

लिओनीच्या हार्मोनिकामागे सूडाची जुनी जखम आहे. 'शोले'त तेच वाद्य जयच्या ओठी येते आणि एका विधवेपाशी बोलता न येणारे बोलू लागते. समोरच्या ओसरीवर राधा एकेक दिवा मालवत जाते. छायालेखक द्वारका दिवेचा यांनी हा प्रसंग संधिप्रकाशात पकडला आहे. दोघांमधले मोकळे अंगण हाच इथला संवाद. वैधव्याविषयी आपल्या कादंबऱ्यांनी पानेच्या पाने लिहिली. इथे एक अंतर पुरते. हत्याकांडातही तसेच. पवनचक्की आपल्याला परकी, पण रिकाम्या झोपाळ्याची कुरकुर घरातली असते. म्हणूनच ती अधिक अंगावर येते. (या चित्रपटाला 'फिल्मफेअर' मिळाले ते एकच, संकलनाचे, एम. एस. शिंदे यांना. परीक्षकांना निदान एवढे दिसले म्हणायचे.)

भूदृश्याकडे पात्र म्हणून पाहण्याची सवय मला वेस्टर्ननेच लावली. जॉन फोर्डचा 'द सर्चर्स' (१९५६) पाहीपर्यंत मनमाडजवळची हडबीची शेंडी माझ्यासाठी गाव जवळ आल्याची खूण होती, एवढेच. आता गाडी त्या सुळक्याजवळून जाऊ लागली, की मी हातातले पुस्तक मिटतो.