शहरातले इर्जिक

बांधावरच्या आंब्याने किती घरे तोडली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. झाड एकाचे, फांदी दुसऱ्याच्या रानात. मग फळ कोणाचे? चार पाट्या आंब्यांपायी भाऊ भावाशी वर्ष वर्ष बोलत नाही. आणि भांडण चालू असताना आंबे मात्र झाडाखाली कुजून जातात. म्हणून आज दूरदेशीच्या दोन शहरांची हकीकत सांगायची आहे.

इंग्लंडात शेफील्ड नावाचे शहर आहे. पोलादासाठी आणि सुऱ्या-चमच्यांसाठी नावाजलेले. पण तिथेही घरांच्या परसात सफरचंदाची झाडे आहेत. आपल्याकडे दसरा-दिवाळीचे दिवस येतात, तेव्हा ती फळांनी लवलेली असतात. लावणारा थकला, शिडी चढवत नाही, मुले परगावी. फळे पडतात, सडतात, गांधीलमाशा घोंगावतात. आणि त्याच गल्लीतली माणसे दुकानातून सफरचंदे विकत आणतात! 2007 साली तिथल्या काही मंडळींनी मालकांना विचारून अशी फळे उतरवायला आणि वाटायला सुरुवात केली.

कॅनडातल्या टोरांटो शहरात 2008 साली अशीच खटपट सुरू झाली. तिथे वाटा आधीच ठरवला : एक हिस्सा झाडाच्या मालकाला, एक उतरवणाऱ्यांना आणि एक गरजूंना अन्न देणाऱ्या संस्थांना. बोलणे आधी, फळ नंतर. मग तंटा कशाला राहील?

अशा ठिकाणी रस कसा काढतात, तेही पाहण्याजोगे आहे. फळ तळहातावर उचलून हलकेच पिळायचे. देठासकट सुटले तर ते पिकले. उंचावरच्या फळाला आपल्या कोकणातल्या झेल्यासारखीच पिशवी लावलेली काठी असते. फळे धुवायची, किडका भाग कापायचा. बुरशी आलेले फळ मात्र रसात घालत नाहीत, कारण बुरशीचे विष रसात उतरते आणि तापवूनही ते पुरते जात नाही. मग हाताने फिरवायच्या यंत्रात फळांचा लगदा करतात. तो फडक्यात गुंडाळून, मध्ये लाकडी जाळ्या घालून थरावर थर रचतात आणि वरून मळसूत्राचा दाब देतात. 10 किलो फळांचा साधारण 5 लिटर रस निघतो. तो तसाच ठेवला तर थोड्याच दिवसांत आंबतो. म्हणून भरलेल्या बाटल्या पाण्यात ठेवून सुमारे 75 अंशांवर अर्धा तास तापवतात. उरलेला चोथा खताला जातो.

दाब द्यायला म्हातारे येतात, यंत्र फिरवायला पोरे धावतात. भिंतीला भिंत लागून राहणारी माणसे त्या दिवशी एकमेकांची नावे विचारतात. हे काही आपल्याला नवे नाही. इर्जिक घालून एका दिवसात शेजाऱ्याचे रान नांगरून देणारी माणसे आपलीच. गुऱ्हाळावर आलेल्या वाटसरूला रस पाजल्याशिवाय न सोडणारी माणसेही आपलीच. शहरातल्या माणसांना जे नव्याने शिकावे लागले, ते आपण विसरू नये एवढेच.

कोकणात काजू काढून घेतल्यावर बोंडे बागेत ढिगाने सडतात. देशावर जांभळांचा सडा पायाखाली तुडवला जातो. रस, सरबत करता येण्याजोगेच हे फळ. एकट्याच्या घरी माणूसबळ नसते, भांडी नसतात. पण आळीतली पाच घरे एकत्र आली तर एका दिवसाचे काम.

आणि बांधावरचा तो आंबा? यंदा मोहोर दिसला की शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसा. चहा घेता घेता वाट्याचे बोलून टाका. एक तुमचा, एक त्यांचा, एक शाळेतल्या पोरांचा. फळ उतरेल तेव्हा उतरेल. अबोला मात्र त्याच दिवशी सुटेल.