वैशाखातली डागडुजी

आजच्या जालना जिल्ह्यातल्या अंबड, घनसावंगी, भोकरदन या भागांतल्या जुन्या गावांत धाब्याची घरे जोवर बहुसंख्य होती, तोवर अक्षय्य तृतीया सरल्यापासून मृग लागेपर्यंतच्या काळात घरातले एखादे कर्ते माणूस शिडी लावून धाब्यावर चढल्यावाचून राहत नसे. वर्षभर साचलेला पाचोळा झाडून काढायचा, उन्हाने पडलेल्या भेगा उकरून त्यांत भिजवलेली माती दाबायची, पाणी पन्हळीकडेच वाहील असा उतार आहे की नाही हे तांब्याभर पाणी ओतून पाहायचे, आणि शेवटी गावच्या पांढरीतून गाडीने आणलेली चाळलेली माती पसरून चोपायची, हा क्रम कोणी लिहून ठेवलेला नव्हता. तो चुकला तर आषाढात अंथरुणावर पाणी ठिबकते, एवढे ज्ञान मात्र घरातल्या लहान पोरांनाही होते. माझ्या आजोळी, अंबड तालुक्यातल्या एका गावी, या कामाला डागडुजी असा एकच शब्द होता, आणि तो पेरणीच्या आधीच्या कामांत, बियाणे निवडणे आणि वखरपाळी यांच्या पंक्तीत, सहज बसत असे.

१ मे १९८१ रोजी तेव्हाच्या औरंगाबाद आणि परभणी या जिल्ह्यांचे भाग काढून जालना जिल्हा निर्माण झाला. त्यानंतरच्या चार दशकांत जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतली सळई राज्यभर जाऊ लागली, आणि जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतही धाब्यांच्या जागी स्लॅब पडले. या बदलाविषयी माझी तक्रार नाही. पावसाळ्याच्या रात्री परातीत ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाज ज्याने ऐकला आहे, तो स्लॅबची निंदा करणार नाही. पण या बदलाबरोबर एक गैरसमज आमच्या घरांत शिरला, आणि त्याची किंमत आज हजारो कुटुंबे न कळत मोजीत आहेत : स्लॅब पडला म्हणजे घर कायमचे झाले, आता त्याकडे पाहण्याची गरज नाही. धाबे दरवर्षी स्वतःहून हाक मारीत असे, म्हणून त्याची काळजी घेतली जाई. स्लॅब हाक मारीत नाही, आणि तो बोलू लागतो तेव्हा गवंड्याचे काम संपून ठेकेदाराचे सुरू झालेले असते.

काँक्रीटच्या पोटातली सळई सुरक्षित राहते ती काँक्रीटच्या अंगच्या क्षारधर्मामुळे. त्या आवरणात पोलादावर गंज धरत नाही. परंतु गच्चीवर कोपऱ्यात पाणी साचून राहिले, पन्हळीच्या तोंडाशी पाचोळ्याचा बोळा बसला, केसाएवढी चीर पडून तिच्यातून ओल आणि हवा आत उतरू लागली, की काही वर्षांत ते कवच निकामी होते. गंज हा मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. आतून फुगणारी सळई खालच्या बाजूचे काँक्रीट ढकलून फोडते, आणि ज्याला आपण छताचे पोपडे म्हणतो ते वस्तुतः छताच्या हाडांचे दुखणे असते. त्यावर रंगाचा हात देऊन पाहुण्यांपुरती अब्रू राखली जाते, पण रोग आत वाढतच असतो. ही चीर पहिल्या वर्षीच घासून, साफ करून, योग्य मसाल्याने बुजवली असती तर एका गवंड्याची एका दिवसाची मजुरी पुरली असती.

गच्चीच्या कठड्यातून डोकावणाऱ्या पिंपळाचीही हीच कथा. तो उपटायला आमच्या लोकांचे मन धजत नाही, आणि त्या भावनेचा मी आदर करतो. म्हणूनच तो चार पानांचा असतानाच मुळासकट अलगद काढून बांधावर लावावा, कारण तो मनगटाएवढा झाला की एक तर भिंत राहते, नाही तर पिंपळ.

जालन्याच्या घराचा दुसरा वैरी पायाखाली आहे. आमच्या महसुली भाषेने गावाचे फार पूर्वीपासून दोन भाग केले : काळी आणि पांढरी. पिकाची जमीन ती काळी, वस्तीची ती पांढरी. आणि हा भेद केवळ दफ्तरातला नव्हता. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर खोल भेगा पाडते. पांढरीची माती, पिढ्यान्‌पिढ्यांची राख, चुनखडी आणि पडक्या भिंती पोटात घेऊन बसलेली, तशी हलत नाही. जुने लोक घरासाठी पांढर धरून राहिले, त्यामागे हे व्यवहारज्ञान होते. आता गावठाण अपुरे पडून वस्ती काळीत उतरली आहे, आणि ज्यांनी पाया मुरमापर्यंत नेला नाही त्यांच्या भिंतीत वैशाखात तिरपी भेग उघडते आणि श्रावणात मिटते. अशा घराला औषध एकच आहे, आणि ते स्वस्त आहे : जोत्याजवळची ओल वर्षभर सारखी राहिली पाहिजे, म्हणजेच जोत्याशी पाणी मुरता कामा नये. मोरीचे पाणी भिंतीलगत खड्ड्यात सोडण्याची जी सवय सर्वत्र दिसते, ती घराच्या मुळावर येणारी आहे. चार हात लांबीचा पाइप, घराभोवती दोन-तीन फूट रुंदीची बाहेर उतार दिलेली फरशी, आणि भिंतीपासून दूर खोदलेला शोषखड्डा, एवढ्यावर पुष्कळ घरे वाचतात.

अजून उभी असलेली धाब्याची घरे आणि मातीच्या भिंतींचे वाडे यांविषयी मात्र सावधगिरीचे दोन शब्द लिहिणे मी कर्तव्य समजतो, कारण डागडुजी अज्ञानाने केली तर ती जिवावर बेतते. दरवर्षी धाब्यावर नवी माती घालायची आणि जुनी खरवडून काढायची नाही, अशी चाल पुष्कळ गावांत पडली होती. हिशेब साधा आहे : तीन मीटर रुंद आणि चार मीटर लांब खोलीवर एक इंच मातीचा थर म्हणजे सुमारे अर्धा टन वजन, थर दीड-दोन फुटांपर्यंत वाढला की झोपलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर दहा टन माती असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जे हजारो जीव गेले, त्यांतले बहुतेक मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि अशी जड माळवदे अंगावर कोसळून गेले. म्हणून नवी माती घालण्यापूर्वी तेवढीच जुनी उतरवावी. दुसरी गोष्ट अशी की, मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये. मातीची भिंत जमिनीतून ओल घेते आणि पृष्ठभागातून सोडते. सिमेंटचे घट्ट आवरण चढवले की ती ओल आतच कोंडते, आणि बाहेरून टणक दिसणारी भिंत आतून चिखल होत जाते. कळीचा चुना विरवून दिलेले दोन हात तिला श्वास घेऊ देतात, हवेतल्या वायूशी संयोग पावून दगडासारखे घट्ट होतात, आणि हाच चुना स्लॅबवर फासला तर चैत्र-वैशाखाचे ऊनही पुष्कळसे परतवतो.

गच्ची साफ ठेवण्याचा आणखी एक लाभ आमच्या जिल्ह्यात विसरता येणार नाही. वर्षाला सहाशे मिलिमीटर पाऊस धरला, तर शंभर चौरस मीटर गच्चीवर साठ हजार लिटर पाणी पडते; वाया जाणारे वजा केले तरी पंचेचाळीस हजारांच्या वर हाती लागावे. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरच्या रांगेत ज्यांनी घागरी मांडल्या, त्यांना या आकड्याचे मोल सांगावे लागणार नाही.

आता किमतीविषयी. मुद्रांक खात्याच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यात जुन्या बांधकामाचा घसारा इमारतीच्या वयावरून ठरतो. मालकाने तिची किती काळजी घेतली याला त्या कोष्टकात रकाना नाही. पण खरेदीदार कोष्टक घेऊन येत नाही. तो न्हाणीघराच्या मागची भिंत हाताने दाबून पाहतो, दाराची चौकट वाजवून वाळवीचा पोकळ आवाज येतो का ते ऐकतो, छताचा डाग पाहतो, आणि त्या एका डागापोटी मनातल्या मनात लाखभर रुपये कापतो, कारण दिसणाऱ्या दोषामागे न दिसणारे किती असतील याची त्याला धास्ती वाटते. मालकाला तो डाग पुसण्यास नव्हे, तर त्याचे कारण दूर करण्यास याच्या दशांशही खर्च आला नसता. आणि घराइतकीच त्याच्या कागदांचीही डागडुजी करावी लागते, हे मी आग्रहाने सांगेन. नमुना नंबर ८ चा उतारा अजून आजोबांच्या नावे, वारसांची नोंद राहून गेलेली, घरपट्टीच्या पावत्या उंदरांनी खाल्लेल्या, अशा मिळकतीला भिंती कितीही धड असोत, रास्त भाव येत नाही आणि बँक तिच्यावर कर्जही देत नाही. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार होऊ लागल्या. आपल्या पत्रिकेवरील नाव, क्षेत्र आणि चतुःसीमा वेळीच तपासणे हे गच्चीवरची चीर बुजवण्याइतकेच स्वस्त आणि तितकेच निकडीचे काम आहे.

सरकारने घर बांधण्यास हात दिला, हे उपकार लहान नाहीत. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरले, आणि असंख्य कुटुंबांच्या डोक्यावर पहिल्यांदा पक्के छप्पर आले. परंतु शेवटचा हप्ता जमा झाल्यावर त्या छपराचे काय करायचे, हे लाभार्थ्याला कोणी सांगत नाही. मंठा, परतूर, घनसावंगीकडची ऊसतोड करणारी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास घराला कुलूप लावून जातात आणि उन्हाळ्यात परततात. सहा महिने बंद राहिलेले घर त्यांच्या हाती येते ते नेमके डागडुजीच्या दिवसांत. त्या दिवसांतच १ मेची ग्रामसभा असते. घरपट्टीच्या वसुलीचा विषय तिथे निघतोच. त्याच सभेत गावच्या जाणत्या गवंड्याला उभे करून, एका घरकुलाच्या गच्चीवर सर्वांना नेऊन, पन्हळ कशी मोकळी करावी, चीर कोणती साधी आणि कोणती धोक्याची, मोरीचे पाणी कुठे न्यावे, हे तासाभरात दाखवता येईल, आणि घरपट्टीतून जमा होणाऱ्या रकमेतला अल्पसा भाग ज्यांच्या घरी शिडी चढणारे कोणी उरले नाही अशा वृद्ध आणि एकट्या स्त्रियांच्या गच्च्या साफ करण्यासाठी ठेवता येईल. येत्या १ मेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, अशी माझी जिल्ह्यातल्या सर्व सरपंचांना आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विनंती आहे.