अंतर विमानाचे, वेळ प्रवाशाचा

नागपूर-मुंबई हे हवाई अंतर सुमारे ६८५ किलोमीटर असून विमान ते दीड तासात पार करते. त्यामुळे विदर्भ राजधानीच्या दाराशी आला, असे समाधान व्यक्त केले जाते. ते कितपत रास्त आहे, हे वर्धा जिल्ह्यातून पाहिले म्हणजे कळते.

आर्वीच्या एखाद्या शिक्षकाचे निवृत्तिवेतनाचे प्रकरण मंत्रालयात अडले आहे, अशी कल्पना करावी. आर्वीहून नागपूरचा विमानतळ सुमारे शंभर किलोमीटर, एस. टी. आणि पुढे रिक्षा धरून तीन तास. उड्डाणापूर्वीची हजेरी दोन तास, उड्डाण दीड तास आणि मुंबईच्या विमानतळापासून मंत्रालयापर्यंत आणखी दीड तास. ही बेरीज आठ तासांची झाली. एकूण अंतरापैकी शेकडा ८५ भाग विमान तोडते. एकूण वेळेत मात्र त्याचा वाटा शेकडा २० सुद्धा नाही. उद्या विमानाचा वेग दुप्पट झाला, तरी या शिक्षकाचा पाऊण तासच वाचेल. आर्वीहून वेळेवर सुटणारी थेट बस मिळाली, तर तेवढाच वेळ पुष्कळ कमी खर्चात वाचू शकेल.

वर्धा-मुंबई लोहमार्ग ७५८ किलोमीटरचा. रात्रीची गाडी बारा-तेरा तास घेते. पण रात्र झोपेत जाते आणि मुक्कामाचे भाडे वाचते. सामान्य प्रवासी रेल्वे पसंत करतो, तो मागासलेपणा नव्हे. तो हिशेब आहे. जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो. परंतु त्याचा खरा लाभ स्वतःची मोटार असणाऱ्यास.

वास्तविक, अंतरावरचा अधिक शहाणा उपाय नागपूरने पूर्वीच पाहिला आहे. १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत परतत. कागद हिंडे, माणूस घरी राही. आज कागद क्षणार्धात मुंबईस पोहोचतो, तरीही त्याच्यामागून माणसाला जावे लागते, ही विसंगती आहे.

१९५३ च्या नागपूर कराराने विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात घेण्याचे ठरविले. त्यामागील तत्त्व असे की, शासनाने जनतेकडे यावे. परंतु काही आठवड्यांच्या अधिवेशनाने वर्षभराची कामे निकालात निघत नाहीत. निर्णयाचा अधिकार वर्ध्याच्या व नागपूरच्या कार्यालयांकडे आला, तरच हे तत्त्व सार्थ होईल. विमानाच्या आणखी फेऱ्या अवश्य सुरू व्हाव्यात; तथापि जो प्रवास करावाच लागत नाही, त्याहून जलद प्रवास कोणता?