पाण्याची कृपा नव्हे, माणसांची विद्या

१/ बिअरच्या इतिहासाविषयी एक समजूत घट्ट रुजली आहे. इंग्लंडातील बर्टन गावाला निसर्गाने दैवी पाणी दिले, म्हणून तेथे उत्तम बिअर झाली. आपले पाणी जड, खारे, म्हणून निकामी. ही एकाच भ्रमाची दोन रूपे आहेत. या धाग्यात त्या भ्रमाचा समाचार घेऊ.

२/ बर्टन ट्रेंट नदीकाठी आहे. पण तेथील बिअर नदीच्या नव्हे, विहिरींच्या पाण्याची. ते पाणी जिप्समच्या थरांतून झिरपते. त्यातील कॅल्शियम माल्टच्या लगद्याची अल्कता उतरवते आणि सल्फेट हॉप्सचा कडवटपणा खुलवते. १८२० च्या दशकात सॅम्युएल ऑलसॉपने हिंदुस्थानच्या बाजारासाठी फिकट बिअर केली, ती लंडनच्या बिअरची नक्कल म्हणून!

३/ लंडनचे पाणी बायकार्बोनेटने भारलेले. लंडनकरांनी नशिबाला बोल लावला नाही. काळसर भाजलेले माल्ट आम्लधर्मी असते, ते या पाण्याची अल्कता तोलून धरते. त्या पाण्याला काळी पोर्टर मानवली. पिल्झेनचे पाणी अत्यंत मृदू. १८४२ साली तेथे सोनेरी लागर जन्मली. तीन पाणी, तीन बिअर. यांतले वाईट पाणी कोणते?

४/ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रसायनज्ञांनी बर्टनच्या पाण्याचे पृथक्करण केले आणि इतर गावचे उत्पादक आपल्या पाण्यात जिप्सम मिसळू लागले. या कृतीला 'बर्टनायझेशन' असेच नाव पडले. दैवी देणगी पोत्यात भरून मिळू लागल्यावर तिचे दैवीपण कितीसे उरले?

५/ पुढची पायरी कोपनहेगनची. कार्ल्सबर्ग या बिअर-कारखान्याच्या प्रयोगशाळेत सोरेन्सन या शास्त्रज्ञाने १९०९ साली सामू, म्हणजेच पीएच, मोजण्याची पट्टी मांडली.

६/ आता घरी या. बुलढाणा जिल्ह्यातील डोणगावहून मेहकरमार्गे लोणार गाठा. तेथील सरोवराचा सामू दहाच्या आसपास. 'रहस्यमय सरोवर' म्हणून हाच आकडा चित्रफितींत मिरवला जातो. तो ज्या पट्टीवर मोजला, ती बिअरच्या कारखान्यात घडली, हे मात्र कोणी सांगत नाही.

७/ त्याहून मोठे मौन आपल्याच माणसांविषयी आहे. सोळाव्या शतकाअखेरच्या 'ऐन-ए-अकबरी'त मेहकर सरकारच्या वर्णनात काच व साबण करण्याच्या द्रव्यांची नोंद आहे. लोणारच्या क्षारांना दल्ला, निमक-दल्ला, पापडी, भुसकी अशी वेगवेगळी नावे होती. ज्याला डोळे दिपून नुसता चमत्कार दिसतो, तो असे वर्गीकरण करीत नाही. हे पारखी नजरेचे काम आहे.

८/ तुमच्या नळाचेही असेच. बेसाल्टमधून झिरपलेले पाणी बहुधा जड असते. भांड्याच्या तळाशी बसणारा पांढरा थर हा त्याचा पुरावा. उकळल्यावर बायकार्बोनेट चुन्याच्या रूपाने तळाशी बसते, क्लोरीन उडून जाते. जिप्समची कठीणता मात्र उकळून जात नाही. माल्टच्या लगद्याला साधारण ५.२ ते ५.६ सामू लागतो. उरलेली अल्कता थोड्या लॅक्टिक आम्लाने उतरवतात. क्लोरीन राहिले, तर बिअरला औषधी दर्प येतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात परवान्याविना बिअर गाळणे गुन्हा आहे. पाणी ओळखायला मात्र कोणताही परवाना लागत नाही.

९/ "दारूचा इतिहास हवाच कशाला?" असा आक्षेप येईल. उत्तर सरळ आहे : तुमच्या शेतातील मातीचा आणि पिण्याच्या पाण्याचा सामू आज त्याच पट्टीवर मोजला जातो. ज्ञानाचा उगम नावडता आहे म्हणून तो झाकणे, हा इतिहास नव्हे.

१०/ आणि हा वाद केवळ चवीचा नाही. आपल्याच जिल्ह्याच्या उत्तरेस, पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्टा पसरला आहे. तेथील पाण्याला 'भूमीचा शाप' म्हटले, की पाणी कोणी तपासले, गोडे पाणी कोणी आणायचे, हे प्रश्नच विरून जातात. बर्टनची 'कृपा' माणसाचे श्रेय खाते; खारपाणपट्ट्याचा 'शाप' माणसाची जबाबदारी गिळतो.

११/ म्हणून कोणत्याही पाण्याचा इतिहास वाचताना तीन प्रश्न विचारा. त्यात काय विरघळले आहे? ते कोणत्या कामाला हवे आहे? आणि हे प्रथम कोणी ओळखले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'निसर्गाने' असे मिळाले, तर तो लेख तेथेच मिटून ठेवा.