दूध कमी नाही, उसंत कमी आहे


तान्हं बाळ तासाभराने रडतं, पाच मिनिटं पितं, झोपतं, पुन्हा रडतं. घरात लगेच निकाल लागतो, ‘हिला दूधच पुरत नाही.’ आणि बाटली येते. खरं तर नवजात बाळाचं पोट इवलंसं, आईचं दूध पचायला हलकं. दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा पाजणं स्वाभाविकच आहे. बाळ जितकं ओढेल तितकं दूध येतं. बाटली सुरू झाली की ते आटत जातं. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसातून सहा-सात वेळा लघवी करत असेल, वजन वाढत असेल, तर दूध पुरतं आहे. बाळ मलूल दिसलं तर मात्र दवाखाना गाठावा.

म्हणजे बाईला हवी ती उसंत. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळात दोनदा पाजण्याची सुट्टी १९६१च्या मातृत्व लाभ कायद्याने दिली. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. पण चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराच्या हजेरीवर राबणारी बाई ती कोणाकडे मागणार? आणि घरी चूल, धुणं कोण उचलणार? बाळंतिणीच्या घरी जाल तेव्हा तिच्या सासूशी, नवऱ्याशीही बोला. कारखान्याच्या दाराशी मात्र तिला एकटीला पाठवू नका.